दुमडीतले धागे

रफूवालीच्या दुकानात एकच खुर्ची, एकच भिंग आणि एकच खिडकी. खिडकीकडे पाठ करून ती कधी बसली नाही. चाळीस वर्षं तिनं लोकांच्या कपड्यांची भोकं अशी बुजवली की गिऱ्हाईक घरी जाऊन भोक शोधत बसे.

त्या शनिवारी दुपारी मात्र तिचा हात चालत नव्हता. त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीतलंच कुणीतरी उपदेश करतं. विषय वर्षाच्या सुरुवातीला वाटून देतात. तिच्या वाट्याला आला होता देवाचा विश्वासूपणा. मग तिचा नवरा गेला. रविवार तेवढा जागचा हलला नाही.

"पाळकांना सांग, आजारी आहे म्हणून," लेक म्हणाली.

"खोटं बोलू?"

"मग खरं सांग."

"खरं काय, तेच कळेना झालंय. उभी राहून म्हणू, देव सांभाळतो? आणि कुणी विचारलं, तुझ्या नवऱ्याला का नाही सांभाळलं, तर?"

"कुणी नाही विचारणार गं."

"मीच विचारीन ना."

लेकीनं बाबांचा काळा कोट तिच्यापुढं टाकला. "हा चर्चच्या रखवालदाराला द्यायचाय ना? बाहीला कसर लागलीय. रफूवालीच्या घरातला कोट भोकासकट गेला तर नाक कापलं जाईल."

बऱ्याच दिवसांनी ती हसली. कोट आधी सासऱ्यांचा, मग नवऱ्याचा. रफूला धागा त्याच कापडाचा हवा, हा सासूबाईंनी घालून दिलेला नियम. धागे काढायला तिनं कोटाच्या खालच्या काठाची दुमड उसवली.

आत बोटभर पुठ्ठा होता. त्यावर काळे धागे गुंडाळलेले, याच कोटाचे, दुमडीतून एकेक ओढून काढलेले. टोक डावीकडच्या खाचेत अडकवलेलं. असं फक्त सासूबाई अडकवायच्या.

सासूबाईंना जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. शिकवताना त्यांनी तिला कधी बरं म्हटलं नाही. "तुझं रफू आंधळ्यालाही दिसेल," एवढंच. त्याच बाईनं, कोट धडधाकट असताना, भोकाचा पत्ताही नसताना, बसून हे धागे काढून ठेवले होते. आणि आत काय आहे हे न कळता ती स्वतः दर रविवारी याच काठावरून ब्रश फिरवत आली होती.

तिनं खाचेतलं टोक सोडवून एक धागा काढला. मग सुई ओवली.

लेकीनं भिंग लावून बाही पाहिली. "कुठं होतं?"

"होतं," ती म्हणाली. "इथंच होतं."

रविवारी ती व्यासपीठावर चढली नाही, खालीच उभी राहिली. "माझा नवरा का गेला, मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही, तेव्हा समजवायला येऊ नका." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मग तिनं पुठ्ठ्याची गोष्ट सांगितली.

"माझ्या सासूबाईंना हे सुचलं," ती म्हणाली. "ज्यानं सासूबाईंना घडवलं, त्याला माझ्यासाठी काहीच सुचलं नसेल, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?"

एवढं बोलून ती खाली बसली.

बाहेर रखवालदार तोच कोट घालून दाराशी उभा होता; आतलं सगळं त्यानं तिथूनच ऐकलं होतं. "बाई, उरलेल्या धाग्यांचं काय केलंत?"

"परत आत ठेवलेत. लागतील तुला."

त्याचा हात हळूच कोटाच्या काठाकडे गेला, आणि तिथंच राहिला.