गोडं पाणी

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. तुला सांगतोय — मध्येच उठून जाऊ नकोस, म्हणजे झालं.

माझं डोकं पहिल्यापासून तापट, आणि हात डोक्याच्याही पुढे. वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमध्ये माणसं मला बघून वाट बदलायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

घोडबंदर रोडला आमची सोसायटी. माझा फ्लॅट तळमजल्यावर, बागेची जबाबदारीही माझ्याकडे. माळी होते जोमाकाका — बाळकुमचे, सत्तरीचे, अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं.

त्या उन्हाळ्यात कुंपणालगतची ड्युरांटाच्या झुडपांची रांग करपायला लागली. आधी पानांच्या कडा तपकिरी, मग अख्खं पान. जो तो मला विचारायचा, काय झालं? आणि मला — मला माहीत नव्हतं का? होतं ना! बोअरचं पाणी जड, म्हणून मी घरात पाणी हलकं करायचं मशीन बसवलेलं. ते दर आठवड्याला मिठाच्या पाण्याने धुवायचं. ते खारं पाणी मी खिडकीतून नळीने थेट झाडांत सोडायचो. गटारापर्यंत नळी न्यायचा कंटाळा. बस, एवढंच.

एका रविवारी सकाळी जोमाकाकांनी एक फांदी नखाने खरवडली. आत हिरवी होती. मग चिमूटभर माती जिभेवर ठेवली. चार माणसं जमलेली.

"मीठ हाय ह्याच्यान," ते म्हणाले. "कोनीतरी खारा पानी वतलाय."

आणि खुरप्याने माती उकरत, चाखत, ते माझ्या खिडकीकडे सरकायला लागले.

मी मारलं. पाण्याच्या पाइपने, पितळी तोंडाच्या बाजूने, कानावर. एकदाच मारलं असतं तर रागाच्या भरात म्हणालो असतो. तीनदा मारलं. "थेरड्या, तूच औषध टाकलंस! बापाची जमीन ह्या सोसायटीत गेली म्हणून सूड घेतोस?" असं बोंबलत. कानातून रक्त आलं, मानेवरून सदऱ्यात उतरलं. लाज वाटली मला? नाही. सुटलो, असं वाटलं.

कान दाबून धरत ते एवढंच म्हणाले, "मला मारा... पन त्यांना गोडा पानी द्या. भरपूर."

त्यांना त्याच दिवशी काढून टाकलं. नळी मी गुपचूप गटारात वळवली, आणि पंधरा दिवस गोडं पाणी सोडून माती धुऊन काढली. करपलेल्या फांद्यांना कोंब फुटले. मीटिंगमध्ये लोक म्हणाले, बघा, म्हातारा गेला आणि झाडं जगली! टाळ्या वाजल्या. घेतल्या मी.

गेल्या महिन्यात ते बाळकुमच्या नाक्यावर भेटले. तो कान कायमचा गेलाय.

"ती झाडा जगली का?" त्यांनीच विचारलं.

मी मान हलवली. मग त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि हळूच म्हणालो, "मीठ माझं होतं."

"काय?"

"काही नाही."

कुठल्या कानाशी उभा होतो, ते मला माहीत होतं.