बहुरूप्यांचं नाव मतदार यादीत

कचेरीत कागद साठले की त्यांचं निंदणीकरण करता येतं. अ वर्ग, ब वर्ग लावायचा आणि उरलेलं रद्दीत घालायचं. किश्श्यांसाठी मात्र शासनानं अशी काही सोय केलेली नाही. ते साठतच जातात. मी अनेक वर्षं तहसीलच्या निवडणूक शाखेत कारकून होतो. आता आम्ही निवृत्त मंडळी संध्याकाळी चहाच्या हॉटेलात बसतो आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "भाऊसाहेब, तुमचे ते बहुरूपी सांगा की!"

माझे कसले! पण सांगतो.

* * *

येडशीच्या रस्त्याला एका गावाच्या गायरानात बहुरूप्यांची पालं असायची. गावोगाव सोंगं घेऊन हिंडायचं, कधी फौजदार, कधी तिकीट तपासनीस. लोकांना आधी घाबरवायचं, मग हसवायचं आणि हात जोडून दान मागायचं. त्या पालांचे कारभारी गेनूनाना एके दिवशी माझ्या टेबलापुढं उभे राहिले.

"भाऊसाहेब, आमची नावं यादीत घाला."

मी नमुना सहा काढला. "जन्मतारीख?"

"रझाकाराच्या पळापळीत आई बाळंत झाली. पळताना तारीख कोण बघतंय!"

"बरं. कायमचा पत्ता?"

नाना विचारात पडले. "कायमचं म्हंजी मसणवाटा. पर त्यो बी कुठला मिळंल, नक्की न्हाय."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, नाना, या वयात हा खटाटोप कशाला?

"इलेक्शन आलं की पुढारी समद्या गावाला हात जोडत फिरत्यात. आमच्या पालापशी आले की गाडी सुसाट! मत न्हाय तर कशाला थांबतील? म्या जलमभर लोकांपुढं हात जोडले, भाऊसाहेब. मरायच्या आदी एकदा तरी कुणी माझ्यापुढं जोडावं."

नमुना सहामध्ये मतदार होण्याचं कारण लिहायला रकाना नाही. असता तर मी हे जसंच्या तसं लिहिलं असतं.

* * *

नानांच्या मुलाचं नाव तहसीलदार. हुद्दा नव्हे, नाव! तो जन्मला त्या दिवशी नानांनी ढोकीला तहसीलदाराचं सोंग घेतलं होतं आणि दान चांगलं मिळालं होतं. बारशाला दुसरं नाव सुचलंच नाही.

आमच्या कॉम्प्युटर ऑपरेटरनं तो अर्ज परत पाठवला. शेरा मारला, "नावाच्या रकान्यात पदनाम लिहू नये." मी समजूत काढली, तरी प्रकरण सुनावणीला लागलंच.

सुनावणीच्या दिवशी आमचा शिपाई बाबुमियाँ व्हरांड्यात उभा राहून ओरडला, "तहसीलदार हाजिर हाय का ऽ ऽ?"

आतल्या खोलीतून आमचे साहेब हातातला डबा तसाच ठेवून धावत बाहेर आले. "आहे, आहे! कोण आलंय? कलेक्टर साहेब?"

अर्ज मंजूर झाला. तोंड पुसता पुसता साहेब म्हणाले, "एवढं तरी बरं की याची बदली होणार नाही!"

* * *

त्याच सुमारास विधानसभेची निवडणूक लागली. परराज्यातून निरीक्षक यायचे होते आणि सगळी कचेरी त्यांच्या धाकात होती. एके सकाळी सफारी घातलेले, काळा चष्मा लावलेले एक गृहस्थ तरातरा आत आले.

"मतदार यादी किधर है? गायरानवालों का नाम क्यूँ नहीं छपा अब तक?"

नायब तहसीलदार ताडकन उभे राहिले. पंखा पाहुण्यांकडं वळवला गेला. चहा आला, तुळजापूरचे पेढे आले. आमचे नायब आयुष्यात पहिल्यांदा हिंदी बोलले, "साहब, काम चालू हैच. आज शाम तक होकेच जाता!" गृहस्थांनी दोन पेढे खाल्ले, चष्मा काढला आणि हात जोडले.

"बहुरूपी हाय जी, मायबाप."

ते गेनूनाना होते! सोंग वठलं की बघणाऱ्यानं खुशीनं दान द्यायचं, ही त्यांची रीत. नायब साहेबांनी निमूटपणे खिशात हात घातला. आणि नावं खरोखरच संध्याकाळपर्यंत पुढं सरकली.

गंमत दुसऱ्या दिवशी झाली. खरे निरीक्षक आले. साधा शर्ट, पायात चपला. बाबुमियाँनं त्यांना दारातच अडवलं.

"कालच घेऊन गेलाव ना दान? रोज रोज न्हाय मिळत. चला, व्हा बाहेर!"

* * *

बेघर माणसाचं नाव घालायचं तर तो दिलेल्या जागी खरोखर झोपतो का, हे बी.एल.ओ.नं, म्हणजे यादीच्या कामाला नेमलेल्या माणसानं, रात्री जाऊन पाहायचं असतं. नियमच आहे. आमचे बी.एल.ओ. म्हणजे गावच्या शाळेतले गुरुजी, अतिशय सरळ माणूस. ते बॅटरी घेऊन पालांवर गेले.

आता शाळेचे गुरुजी दारी आल्यावर झोपतंय कोण! चूल पेटली, चहा झाला. तरण्या पोरांनी सोंगं दाखवली. गुरुजींनीही, म्हणे, एक पोवाडा म्हटला. तांबडं फुटेपर्यंत मैफल चालली.

सकाळी गुरुजींचा अहवाल माझ्या टेबलावर आला. "प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर ठिकाणी कोणीही झोपलेले आढळून आले नाही. सबब, निर्णय व्हावा."

मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, पुन्हा जा. पण या वेळी जरा कंटाळवाणं बोला."

"काय बोलू?"

"मतदानाचं महत्त्व सांगा."

दहा मिनिटांत सगळी पालं घोरायला लागली. नावं पक्की झाली.

* * *

मतदानाच्या दिवशी नाना सर्वांत आधी रांगेत होते. दाढी केलेली, धुतलेलं धोतर, खांद्याला झोळी. केंद्राध्यक्ष एका कॉलेजचे प्राध्यापक होते. त्यांनी ओळखपत्र पाहिलं, मग नानांकडं पाहिलं.

"फोटोत मिशा आहेत."

होत्याच! फोटो काढला त्या दिवशी नाना फौजदाराच्या सोंगातून थेट आले होते आणि मिशा काढायच्या राहून गेल्या होत्या. नानांनी परोपरीनं सांगितलं, "आवो, त्या खोट्या. ह्यो खरा म्या!" प्राध्यापक ऐकेनात. "कागदाशी चेहरा जुळला पाहिजे."

नाना बाजूला झाले. झोळीतून मिशा काढल्या, चिकटवल्या, छाती पुढं काढली आणि पुन्हा उभे राहिले.

प्राध्यापक प्रसन्न झाले. "आता कसं! असंच यायचं ना आधी."

नानांनी मत दिलं. बाहेर आल्यावर शाईचं बोट मला दाखवलं, पण चेहरा उतरलेलाच होता. "मत दिलं, भाऊसाहेब. पर हात जोडाया कुणीच आलं न्हाय की!"

विधानसभेला लाखोंनी मतं असतात. चार पालांसाठी गाडी कोण थांबवतो?

* * *

पुढं ग्रामपंचायत आली. माझी नोकरीतली शेवटची निवडणूक. ग्रामपंचायतीला एकेका मतानं सरपंच पडतो. प्रचारावर आणि उमेदवारांच्या खर्चावर लक्ष ठेवायला मी त्या गावात गेलो होतो, बरोबर व्हिडिओ काढणारा आमचा कुलकर्णी. सरपंचपदाच्या उमेदवाराची गाडी गायरानाकडं वळताना दिसली, तसे आम्हीही मागोमाग गेलो.

गाडी नानांच्या पालासमोर थांबली. पांढरेशुभ्र कपडे घातलेला उमेदवार खाली उतरला. नाना खाटेवर बसले होते. तो त्यांच्यासमोर कमरेत वाकला, दोन्ही हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं. "नाना, आमी तुमचीच लेकरं. गरिबाची सेवा करायची एवढीच इच्छा हाय. आशीर्वाद असू द्या!"

मला वाटलं, म्हातारा आता रडणार.

नाना सावकाश उठले. उमेदवाराला आपादमस्तक न्याहाळलं. त्याच्याभोवती एक फेरी मारली. कपड्याचा काठ चिमटीत धरून पाहिला, डोळ्यांतलं पाणी वाकून पाहिलं. मग बंडीच्या खिशात हात घातला, दहाची नोट काढली आणि त्याच्या जोडलेल्या हातांत ठेवली.

"लई झ्याक वठलंय, गड्या!"

कुलकर्णीचा कॅमेरा चालूच होता. तो माझ्या कानाशी येऊन कुजबुजला,

"भाऊसाहेब, हे कुणाच्या खर्चात धरायचं?"