रबराला लावलेलं तेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला किती कळलंय, या विचारानेही मला घाम फुटतो. तुम्हाला सांगतोय, तेही धीर आलाय म्हणून नव्हे. आता आत ठेवून राहवत नाही, एवढंच.

मी पेणचा. गणपतीच्या कारखान्यात रबरी साच्यांतून मूर्ती काढतो. माल भरण्याआधी साच्याला आतून तेलाचा हात फिरवायचा, म्हणजे मूर्ती चिकटत नाही. वर्षानुवर्षं हेच करतोय. रबर दिसलं की माझी बोटं आपसूक तेलाकडे जातात.

जुनी गाडी घेतली, तेव्हा ब्रेक घरीच उघडले. व्हिडिओ बघून. गॅरेजवाल्याला कशाला हात लावू द्यायचा — हौस, आणि थोडा माज. चाकांतल्या ब्रेकची, ऑइल अडवून धरणारी झिजलेली रबरं काढली, नवी बसवली. बसवताना त्यांना तेल लावलं. कारखान्यातलं. ती रबरं फक्त ब्रेक ऑइललाच टिकतात, हे मला माहीत नव्हतं. पण तेल मुरलं की रबर फुगतं, हे तरी माहीत होतं ना? फुगलेल्या साच्यातून निघालेले, नाक बिघडलेले गणपती मी कितीदा बाजूला ठेवलेत.

थोडे दिवस ब्रेक झकास लागत होते. मग एका सकाळी ताई आणि दाजी आमच्याकडून रोह्याला घरी निघाले, तर मीच म्हटलं, गाडी घेऊन जा. दाजी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, रात्रपाळी करून आले होते. रोह्याच्या अलीकडे, निडी गावाजवळ गाडी झाडावर गेली. ताईचा गुडघा फुटला.

"बरेक लागलाच नाय रे," दाजी दवाखान्यात पुन्हा पुन्हा सांगत होते. "पाय पार खाली गेला."

मला त्याच क्षणी कळलं. तेव्हा बोलता आलं असतं का? आलं असतं.

गाडी ओढून माझ्याच अंगणात आणली. मेस्त्री दुसऱ्या दिवशी बघायला येणार होता. त्याआधी मी चाकं खोलली. रबरं फुगून वेडीवाकडी झाली होती, ऑइल गळालं होतं. सगळं पुसलं, नवी रबरं घातली — या खेपेला नीट. ब्रेकमधली हवा काढायला पेडल दाबणारं माणूस लागतं, म्हणून बायकोला सीटवर बसवलं. "दाब गो," मी म्हणत गेलो, ती दाबत गेली. का, हे तिने विचारलं नाही. जुनी रबरं मी खाडीत टाकली.

मेस्त्रीने पेडल दाबून बघितलं. "बरेकला काय झालं नाय," म्हणाला. मग सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं — रात्रपाळी, डोळा लागला असणार. कंपनीने दाजींना बसवरून उतरवून गेटवर पहाऱ्याला बसवलं. ताईचा पाय अजून नीट वाकत नाही. तीही त्यांना चारचौघांत ऐकवते, "झोप येत व्हती तर बोलायचं व्हतं."

आणि दाजींनी ते मानलं. "व्हय, लागला असंल डोळा," असं आता ते स्वतःच सांगतात. मी मान हलवतो. ऐकताय ना — मान हलवतो. आणि कधीतरी त्यांना तो पाय खाली गेलेला आठवेल, या भीतीने त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो.

परवा आम्ही एसटीने पेणहून रोह्याला गेलो. दाजी माझ्या शेजारी. भरदुपार, सगळे पेंगत होते. दाजी मात्र स्वतःच्या मनगटाला चिमटे घेत जागे राहिले, पार रोहा येईपर्यंत. ते बस चालवत नव्हते. नुसते बसले होते.