उघडी न्हाणी आणि आभाळातली दुर्बीण

ती गोष्ट आठवली की माझी कानशिलं अजून तापतात, खोटं नाही सांगत.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी इंझोरीकडच्या एका घरात सून होऊन आलेली. मामंजींचा ट्रान्झिस्टर ओट्यावर असायचा. त्या वर्षी आभाळात सोडलेल्या दुर्बिणीच्या काय एकेक बातम्या! क्ष-किरण सोडणारे तारे सापडले म्हणे. कुठं एक काळी, न दिसणारी वस्तू शेजारच्या ताऱ्याला ओरबाडून खाते. माझा कान तिकडं, अन् तव्यावर भाकर करपायची.

मामंजींनी मात्र 'क्ष-किरण' हा शब्द तेवढा धरला. हात मोडला तेव्हा अकोल्याला त्यांचा फोटो काढला होता, सदऱ्यातून हाडं दिसली होती. झालं! ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, वरची दुर्बीण कपड्यांतून पाहते. सुनांनी उघड्या न्हाणीत उजेडात आंघोळ करायची नाही, पहाटे अंधारात उरकायची.

आम्ही दिवसभर कापूस वेचून यायचो, अंग नुसतं खाजायचं. तसंच निजायचं. जाऊ पोटुशी, पहाटेच्या थंडीत तिचे दात वाजायचे. एका संध्याकाळी मी तडक ओट्यावर गेले.

"मामंजी, त्या दुर्बिणीचं तोंड ताऱ्यायकडं हाये. ते किरण हवेतच अडते, म्हणून तर तिले वर नेली. रेडिओवरच सांगतलं."

"तू कायले रेडिओ ऐकतं वं? तरीच भाकर जळून राह्यली!"

सगळे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"तुमी बाप्ये लंगोटीवर हिरीवर न्हाता. तुमाले नाही पाह्यत का थे?"

म्हाताऱ्यांनी धोतरं सावरली. मी पुढं म्हटलं,

"नाही तं न्हाणीवर छप्पर टाका."

"आता कामाचे दिवस हायेत. तुले छप्पर सुचते!"

मी वळणीवरचं मामंजींचं धुतलेलं धोतर ओढलं अन् न्हाणीच्या कुडावर छपरासारखं ताणायला लागले. एक टोक सारखं निसटायचं. ते कोणीतरी धरलं. पाहते तर आत्याबाई! नवऱ्यासमोर कधी तोंड न उघडलेली माझी सासू.

"बांध वं घट्ट," म्हणाल्या.

आधी जाऊ न्हाली, मग मी. त्यानंतर आत्याबाई स्वतः आत शिरल्या. मामंजी ओट्यावरून धोतरासाठी ओरडत होते, अन् आत तांब्यामागून तांब्या ओतल्याचा आवाज येत होता.