दोन देशांतले समाजवादी

“बाईंना सांग पोरी, माझा ल्योक समाजवादी हाय, म्हणून सरकारनं आत टाकलाय,” माझे आजोबा, आप्पा, ताठ बसून म्हणाले. आणीबाणी चालू होती. केडगावच्या दवाखान्यात परदेशी नर्सबाई त्यांच्या पायाची जखम आयोडीननं पुसत होत्या आणि इंग्रजी शाळेतली म्हणून दुभाषी मी होते. मी सांगितलं, तसा बाईंचा हात थांबला. त्यांच्या देशात समाजवादी सरकारनंच त्यांच्या वडिलांना तुरुंगात घातलं होतं, असं त्या हळूच म्हणाल्या. माझे वडील आणि त्यांच्या वडिलांना कोंडणारे एकाच नावाचे कसे? आयोडीनच्या वासाबरोबर तो गोंधळ आजही वर येतो. “काय म्हणत्यात? बाई आपल्यातल्याच हायत व्हय?” बाईंच्या तोंडून ‘सोशालिस्ट’ ऐकून आप्पांचा चेहरा फुलला होता. मी म्हणाले, “त्यांचेही वडील आत होते, आप्पा.”