कोरलला केलेला आग्रह

पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला, की तो हात चुकवून भात वाढायचा, याला आमच्या घरात प्रेम म्हणतात. आई यात पटाईत होती. तिच्यामागे ते खातं माझ्याकडे आलं, आणि पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते बाबा.

आई गेल्यावर बाबा आमच्या बेळ्ळंदूरच्या फ्लॅटवर राहायला आले. सोबत दोन बॅगा आणि खाऱ्या पाण्याचा टँक. सरकारी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा समुद्र पाळला होता. टँकरचं पाणी फिल्टरमधून काढून त्यात मीठ कालवायचे. आत त्यांचं लाडकं सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ होतं. दिसायला अळंबीसारखं मऊ, वर बारीक फुलोरा डुलत असायचा.

बाबांचं जेवण हळूहळू उतरत गेलं. दोन घास, मग ताटावर हात आणि "साकु." पुरे हे त्यांनी कानडीत म्हटलं, की शब्द शेवटचा. मी तरी वाढायचोच. वजन घटतंय म्हणून डॉक्टरांनी काळजी बोलून दाखवली, तेव्हा तर शिरा, पिठलं, खालच्या हॉटेलातला बिसीबेळे भात, सगळं त्यांच्यापुढे मांडून पाहिलं.

त्यातच कोरलही मिटलं. फुलोरा आत गेला, वर मेणचट पापुद्रा धरला. उपाशी असणार, असं मी ठरवून टाकलं आणि बाटलीतलं खाद्य आणून ड्रॉपरने भरवू लागलो. पाणी गढुळलं, काचेवर शेवाळ आलं. मग मी खाद्य वाढवलं. दुसरं येतंय काय मला?

बाबा पलंगावरून पाहत होते. लहानपणी मला अपूर्णांक शिकवायचे त्याच सुरात त्यांनी सांगितलं, की कोरलच्या अंगातच सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि कोरल मुख्यतः त्यावरच जगतं. थोडंफार पाण्यातून टिपतं, बस. आत्ता ते कात टाकतंय.

"दिवा वेळेवर लाव, पाणी हलतं ठेव. भरवू नकोस." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मलाही नको भरवूस. नुसता बसत जा."

मी थोडं पाणी बदललं, पंपाचं तोंड कोरलकडे वळवलं. दुपारी बाबांजवळ बसू लागलो. हातात वाढायचा डाव नाही, तुम्हाला ओळखलंच नाही, असं बायको म्हणाली. काही दिवसांनी पापुद्रा सुटून वाहून गेला आणि फुलोरा बाहेर आला. मी वेड्यासारखं बाबांकडे पाहिलं. ते घोटभर ताक प्यायले, भांडं खाली ठेवलं.

"साकु."

मी पुन्हा ओतलं नाही.

बाबांना जाऊन आता वर्ष होईल. कोरल चांगलं पसरलंय. याला खायला काय घालता, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. काही नाही, म्हणतो मी. कधीकधी त्या कोरलचाच राग येतो. पण दिवा वेळेवर लावतो.