तंबूची परीक्षा

कोणतीही वस्तू हलवून, वाकवून, ठोकून पाहिल्याशिवाय घरात आणायची नाही, ही माझी जुनी खोड. मालेगावच्या दुकानदारांना ती चांगलीच माहीत आहे. चप्पल घेतली तरी मी तिचा तळ पार दुमडून बघतो. बायको अशा वेळी चार पावलं लांब उभी राहते, या माणसाबरोबर आपण आलोच नाही अशा चेहऱ्यानं.

मुलगी अकरावीत होती तेव्हा कॉलेजच्या सरांनी डिसेंबरात तीन रात्रींचं जंगल शिबिर काढलं. पोरीनं नाव द्यायला उशीर केला आणि जागा भरून गेल्या. तोंड पाडून येईल असं वाटलं होतं, पण ती धावतच घरात शिरली.

“पप्पा, सरपाशी तंबू कमी पडून राह्यले. सोताचा आणशीन तं ये म्हणे!”

तोवर ती घराबाहेर रात्रीची राहिली होती ती फक्त जऊळक्याला, मामाकडे. तिला किती जायचं होतं ते तिच्या आवाजातच कळत होतं. मला मात्र तंबूतलं काहीच कळत नव्हतं. आम्ही मेडशीचे शेतकरी. रानात जागलीला गेलो की डोक्यावर ताडपत्री आणि खाली गोणपाट, एवढीच आमची सोय.

गावात तसला तंबू मिळणार नव्हता. मग आम्ही दोघं ओसरीवर फोन घेऊन बसलो. ठोकून बघायला हाताशी काही नाही, नुसती चित्रं. माझा जीव तिथंच अर्धा झाला. मी म्हटलं, तीन माणसांचा घेऊ, ऐसपैस. ती म्हणाली, “पाठीवर कोन वाहीन? दोघांचाच घेऊ. दोघांचा म्हंजे मी अन् माही बॅग.” एकाखाली लिहिलं होतं, पंधराशे मिलिमीटर पाण्याला टिकतो. मी एकदम खूश. आमच्याकडं वर्षभरात एवढा पाऊस पडत नाही.

“ते पावसाचं माप नाई पप्पा, कापडाचं हाय,” ती म्हणाली आणि समजावूनही सांगितलं. मी मान डोलावली. समजलं काहीच नाही.

चांगले म्हणावेत ते आमच्या ऐपतीबाहेरचे होते. शेवटी तिनंच एक छोटा हिरवा निवडला, वजनाला हलका, खिशाला परवडणारा. खाली लोकांची मतं होती. पाच-सहा जणांनी छान म्हटलं होतं. एकानं मात्र लिहिलं होतं, पहिल्याच रात्री आत पाणी शिरलं. ते एकच मत माझ्या डोक्यात बसलं.

तंबू आला तो निघायच्या चार दिवस आधी. तिनं अंगणात एकटीनं उभा केला. मी तेवढा वेळ तंबूची एक काडी उलटी धरून उभा होतो. आत जाऊन तिनं चेन लावली आणि फटीतून नुसता हात बाहेर काढून हलवला. मला हसू आलं. आपली पोर आता आपल्याविना कुठं तरी निजणार, हे तोवर मनात उतरलंच नव्हतं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण अवकाळी आला तर? बादलीनं पाणी टाकलं तर ते एकदम पडतं, पावसासारखं नाही. पावसासारखं पडतं ते फवारणीच्या पंपातून. पंप चुलत भावानं तुरीवर अळीचं औषध मारून दोनच दिवसांपूर्वी परत केला होता. मी तो दोनदा खळखळून धुतला, हुंगून पाहिला. काही वास आला नाही. अर्धा जन्म फवारणीत गेलेल्या नाकाला काय वास येणार?

“तू आतच बस,” मी म्हटलं, “थेंब आला तं सांगजो.” आणि पंप पाठीवर घेऊन चारी बाजूंनी मारला.

“पप्पा, एक थेंब नाई आला!” ती आतून ओरडली. मग खोकली. “वास कायचा येऊन राह्यला? माहे डोये चुरचुरून राह्यले!”

मला बाहेरून चेनच सापडेना. तिनंच आतून उघडली. बायकोनं तिला टाक्यावर नेऊन डोळ्यांवर पाणी मारलं, डोक्यावरून बादल्या ओतल्या. माझ्याकडं न बघता म्हणाली, “पोरीवर औषध मारलं तुमी.”

संध्याकाळपर्यंत डोळे निवळले. तंबू निवळला नाही. साबण लावला, उन्हात टाकला, वास तसाच. तिसऱ्यांदा मी ब्रशनं घासला तेव्हा आतल्या बाजूनं पातळ पापुद्रा सुटू लागला. वर तांब्याभर पाणी ओतलं तर ते सरळ खाली झिरपलं. आता तो वासही मारत होता आणि गळतही होता. दुसरा मागवला असता तर शिबिर संपल्यावर आला असता.

मला स्वतःची इतकी चीड आली की जेवण गेलं नाही. तिनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, सरांना फोन करतो, माझी चूक सांगतो.

“नोका सांगू,” ती म्हणाली. “कॉलेजातले पोट्टे तुमाले हसतीन. मले ताप आला म्हून मीच सांगते.”

हसू देत, असं मी म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. माझ्यासमोरच तिनं आवाज बारीक करून फोन केला. मी हातात ब्रश घेऊन तसाच उभा होतो.

ते तीन दिवस ती दुपारची घरातच गोधडी घेऊन पडायची. कोणी आलं तर खोटं पडू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी शिबिराला न गेलेली तिची एक मैत्रीण दारात आली.

“काका, तिचा ताप उतरला का?”

आत गोधडी ओढून घेतल्याचा आवाज आला.

“उतरून राह्यला,” मी म्हणालो.